माझी न दाखवलेली दोन मिनिटं

मी बोलतेय असं म्हणायचं खरं, पण मला आवाज नाही. मी मूक फिल्म. सोळा मिलिमीटर रुंद, काळी-पांढरी, आणि लांबी एवढीच की चहाला उकळी येईपर्यंत संपून जाते. बोलायचं तर मला पाठीमागे दिवा लागतो. दिवा नसला की मी नुसती गुंडाळी. तशी आयुष्यातली बहुतेक वर्षं मी गुंडाळीच होते. तक्रार नाही, परिस्थिती सांगितली.

न्यूयॉर्क राज्यातल्या एका कारखान्यात, मिट्ट काळोखात माझा जन्म झाला. माझ्या अंगावर खरी चांदी आहे. ती जिलेटिनमध्ये कालवून माझ्यावर थापली, आणि ते जिलेटिन जनावरांच्या हाडांचं असतं. पुढे ज्या उत्तराकाकू या गोष्टीत येणार आहेत त्या शुद्ध शाकाहारी. त्यांना हे कुणी सांगू नका.

मला विकत घेतलं मिशिगनमधल्या एका छोट्या टीव्ही स्टेशनने. तिथला वॉल्टर नावाचा आडदांड कॅमेरामन मला कॅमेऱ्यात भरून हिंडायचा. कोरियाच्या युद्धात त्याने चित्रण केलं होतं. तिथून तो एक गोष्ट शिकून आला होता: रडणाऱ्या माणसाच्या फार जवळ जायचं नाही, पण कॅमेरा बंदही करायचा नाही.

त्या दिवशी, एकोणीसशे त्रेसष्टच्या नोव्हेंबरमध्ये, सकाळी त्याने माझ्यावर पुढच्या वर्षीच्या निवडणुकीचा एक उमेदवार टिपला. हॅट काढायची, हात मिळवायचा, हॅट घालायची, पुढचा हात. मग दुसऱ्या दिवशीच्या फुटबॉल सामन्यासाठी सजलेलं दुकान. आणि दुपारी प्रेसिडेंटना गोळी घातल्याची बातमी आली.

वॉल्टर ॲन आर्बरच्या रस्त्यावर उतरला. अर्ध्यावर उतरवलेला झेंडा, बस आली तरी न चढणारी माणसं, आणि एका दुकानाच्या काचेसमोरची गर्दी. काचेआड टीव्ही मांडले होते. त्या गर्दीत एक विशीतली मुलगी होती. अंगावर साडी आणि साडीवर पुरुषी, ढगळ कोट. ती रडत होती. वॉल्टरने कॅमेऱ्याच्या स्प्रिंगला किल्ली दिली आणि बटणावर अंगठा ठेवला.

स्टेशनवर मला धुतलं आणि घाईघाईत कात्री लावली. त्या मुलीचे दहा-बारा सेकंद, ती एकटी, ओला चेहरा, पदर ओठांवर, असा तुकडा माझ्या पोटातून काढला आणि रात्रीच्या बातम्यांत दाखवला. उरलेली मी रबरबँड लावून डब्यात. पुढे माझ्यावर जे होतं त्यात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, आणि बातमीला चेहरा लागतो. माझी निगेटिव्ह नाही, कॉपी नाही. जी कॅमेऱ्यात फिरले तीच मी. मला फेकलं असतं तर ते सगळं त्या दिवसापुरतंच राहिलं असतं. पण त्या कात्रीवाल्याने उरलेलं फेकलं नाही. कंटाळ्याने असेल, पण फेकलं नाही. मी त्याची ऋणी आहे.

तो तुकडा मात्र जगभर गाजला. कॉपी काढून परत आला की डब्यात माझ्याच शेजारी पडायचा, त्यामुळे त्याची ख्याती मला कळायची. प्रेसिडेंटच्या प्रत्येक पुण्यतिथीला तो हवाच. एकदा व्हिएतनामवरच्या माहितीपटात त्याला 'युद्धात मुलगा गमावलेली आई' म्हणून लावलं. ती मुलगी वीस वर्षांची होती हो, मुलगा कुठून आणणार? एकदा तर विम्याच्या जाहिरातीत. रडणारा माणूस एकदा हाताशी लागला की लोक त्याला कसल्याही दुःखावर चिकटवतात.

स्टेशन बंद पडलं तेव्हा एका ग्रंथपाल बाईंनी आमचे डबे कचऱ्याच्या गाडीपुढून उचलले. तेव्हापासून मी इथे, फिल्मसंग्रहाच्या गारठलेल्या खोलीत. एका बाजूला व्हिएतनामला निघालेल्या पोरांची फिल्म, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात. थंडीत आम्ही टिकतो. तरी मला वय झालंच. अंग आकसलं आणि आंबूस वास यायला लागला.

आता यंदाच्या हिवाळ्याचं सांगते. गावात जुन्या दिवसांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि त्यात तो चेहरा भिंतभर लावायचा होता. खाली ओळ तयार होती: 'परदेशी पाहुणीही प्रेसिडेंटसाठी रडली.' ती ओळ छपाईला जायच्या आधी त्या मुलीची संमती हवी म्हणून तिला बोलावलं. मुलगी आता ऐंशीच्या पुढे. त्या उत्तराकाकू. सोबत त्यांचे यजमान चंद्रशेखरकाका, निवृत्त इंजिनिअर.

डबे सांभाळणारा निहार इथेच जन्मलेला. मराठी बोलतो, पण वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत दमतो. त्याची बायको ऋता दोन-तीन महिन्यांपूर्वीच लग्न होऊन साताऱ्याहून आलेली. घरी एकटीने काय करायचं म्हणून ती त्याच्यासोबत आली होती आणि कोपऱ्यात कोट न काढता बसली होती. निहारने डबा उघडला तशी म्हणाली, "लोणच्याची बरणी राहिली वाटतं कुणाची."

"ही फिल्म आहे, ऋता. दे गेट ओल्ड. वास येतो."

त्याने तो प्रसिद्ध तुकडा पडद्यावर लावला. काका खुर्चीत सरसावून बसले. "ही बघा माझी बायको! अख्ख्या अमेरिकेने पाहिलीय. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी मी हा किस्सा सांगतो."

"दरवर्षी सांगतात," काकू म्हणाल्या. "आणि दरवर्षी मी सांगते, मी प्रेसिडेंटसाठी रडत नव्हते."

"हा तिचा विनय."

"काकू, यू आर सो मॉडेस्ट," निहार म्हणाला.

कोपऱ्यातून ऋताने विचारलं, "मग कशासाठी रडत होतात, काकू?"

काकू वळून तिच्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे मला डब्यातूनही कळलं.

"अगं, कुठे रडायचं तेच कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "हे शिकायला आलेले, एक खोली. बाथरूम कॉमन, बाहेर पोरं टॉवेल घेऊन उभी. खाली मालकीणबाई, चमचा पडला तरी वर यायची. आणि हे! यांना मी इथे येण्याआधी लग्नात धरून चारदा पाहिलेलं. यांच्यासमोर कसं रडणार? आल्यापासून दाबून ठेवलं होतं. त्या दिवशी बाहेर पडलो तर सगळा रस्ता रडतोय. म्हटलं, उत्तरे, आता रडून घे. आज कुणी का म्हणून विचारणार नाही."

ऋता खळखळून हसली. मग हसता हसता गप्प झाली आणि कोटाची बटणं काढायला लागली.

"प्रेसिडेंटचं वाईट वाटलंच गं, नंतर. पण तेव्हा मला आई हवी होती. आणि एका बाईने मला जवळ घेतलं. ओळख ना पाळख. हे म्हणतात, अशी बाई नव्हतीच."

"नव्हतीच!" काका म्हणाले. "मी शेजारी उभा होतो. समोर फिल्म आहे, दिसतेय का कुणी? एव्हिडन्स आहे."

"हल्ली मलाच वाटायला लागलंय, मनानेच रचली की काय," काकू म्हणाल्या. "विसरायला होतं मला. परवा गॅस चालू राहिला. पण या देशात मला मायेने पहिला हात लावला तो तिने. म्हणून मी राहिले इथे. नाहीतर दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट मागणार होते. तीच नव्हती असं निघालं तर मी कशाच्या जोरावर राहिले?"

काका बोलले तेव्हा आवाज किश्श्याचा नव्हता. "उत्तरा, इतकी वर्षं टॅक्स भरला आपण. तरी दुकानात विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? त्या फोटोसमोर कुणी विचारत नाही. तिथे काय लिहू, हिला माहेरची आठवण आली?"

मला तर ओरडावंसं वाटत होतं. मला सगळं माहीत होतं! पण दिवा लागल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही.

ऋता उठून टेबलापाशी आली. "निहार, डब्यात ती दुसरी गुंडाळी कसली रे?"

"आउटटेक्स. उरलेलं, न दाखवलेलं. कुणी स्कॅन नाही केली. व्हेरी ब्रिटल. तुटली तर गेली."

"पण ती बाई त्यात असेल तर?"

निहारने मला हातात घेतलं, ताक आंबलंय का बघावं तसा वास घेतला आणि बायकोकडे बघितलं. तेवढ्यात माझं नशीब ठरलं. जुन्या यंत्राच्या दातांनी मी टरकन फाटले असते. त्याने मला बिनदाती यंत्रावर चढवलं, रबराच्या चाकांवरून, अगदी हळू. भीती वाटली का? वाटली. पण इतक्या वर्षांनी पाठीला ऊब लागली आणि मी बोलू लागले.

उमेदवाराची हॅट आली. "आला खोटारडा," काका म्हणाले. फुटबॉलचं दुकान आलं, झेंडा आला, बस आली. गर्दी आली आणि तिच्यात ढगळ कोटातली उत्तरा. मग तुकडा कापला तिथे जोडलेली कोरी पट्टी गेली, पडदा पांढरा झाला. आणि डावीकडून एक बाई आली.

चौकड्यांचा स्कार्फ, हातात वाण्याची कागदी पिशवी. तिने उत्तराकडे पाहिलं. पिशवी फुटपाथवर ठेवली आणि तिला मिठीत घेतलं. उत्तराचे हात आधी नुसते लोंबत राहिले. मग एकदम तिने त्या बाईच्या पाठीवरचा कोट मुठीत धरला. दोघी तशाच उभ्या. त्या बाईचेही खांदे हलत होते. वॉल्टर पुढे गेला नाही, आणि किल्ली संपेपर्यंत थांबलाही नाही.

"ती बघा," काकू हळूच म्हणाल्या. "पिशवी खाली ठेवून. मी म्हणत होते ना, पिशवी खाली ठेवून."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ऋता त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"काका," निहार म्हणाला, "कडेला कोण आहे? इज दॅट यू?"

चित्राच्या कडेला एक किडकिडीत तरुण होता. एवढ्या गारठ्यात नुसत्या स्वेटरवर, कारण कोट बायकोच्या अंगावर. त्याची गर्दीकडे पाठ होती. तोंड शेजारच्या दुकानाच्या भिंतीकडे. तो चष्मा काढत होता, पुसत होता, घालत होता आणि पुन्हा काढत होता.

"अहो, तिकडे तोंड करून काय करत होतात?" काकूंनी विचारलं.

"चष्मा पुसत होतो."

"एवढा वेळ?"

"घाण झाला होता."

काकूंनी आपली खुर्ची थोडी त्यांच्याकडे सरकवली. काका पडद्याकडेच बघत होते. मान न वळवता म्हणाले, "निहार, पुन्हा लाव रे."

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग काका म्हणाले, "ते जुनं नको. हे लावा भिंतीवर."

"मग कॅप्शन चेंज करावं लागेल. काय लिहू?"

काकूंनी विचार केला. "लिही, या दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या."

निहारने लिहून घेतलं. "आणि काका, तुम्हाला क्रॉप करू? आउट ऑफ फ्रेम?"

काकांनी चष्मा काढला, पुसायला रुमाल शोधला, आणि तसाच हातात धरून म्हणाले, "राहू दे. मी पण होतो तिथे."

परवाच प्रदर्शन उघडलं. माझी पूर्ण कॉपी तिथे भिंतीवर फिरते आणि मी पुन्हा माझ्या गार खोलीत, नव्या डब्यात आहे. वास वाढतोय. आणखी किती टिकेन सांगता येत नाही, पण आता मी अर्धवट राहिले नाही, हे काय कमी आहे? वॉल्टरच्या अंगठ्याचे, कात्रीवाल्याच्या कंटाळ्याचे, ग्रंथपाल बाईंचे, निहारच्या हलक्या हाताचे आणि विचारायचं ते विचारणाऱ्या ऋताचे माझ्यावर उपकार आहेत. ते फिटायचे नाहीत, आणि मला फेडायचेही नाहीत.

मागणं एकच आहे. तुमच्या ओळखीत, शेजारात, मिशिगनमध्ये कुठे एखादं जुनं अमेरिकन कुटुंब असेल तर त्यांना तेवढी भिंत बघून यायला सांगा. चौकड्यांचा स्कार्फ, जरा उजवीकडे झुकलेली चाल, हातात कागदी पिशवी. ती स्वतः आता असेल की नाही कोण जाणे. पण तिच्या लेकीला, नातीला ती चाल ओळखू येईल. आली तर त्यांनी उत्तराकाकूंना फोन करावा. निहारकडे नंबर आहे. त्या बाईला त्या दिवशी नेमकं कशाचं रडू येत होतं, तेवढं काकूंना विचारायचंय.