हौद्यातल्या कुंड्या

वडील गेले आणि टेकडीच्या उतारावरची रोपवाटिका आक्काच्या अंगावर पडली. तिचं लग्नाचं वय त्याच चढ-उतारात कुठेतरी निघून गेलं. धाकटा भाऊ शिकला, लग्न करून मोकळा झाला आणि मालक म्हणून गल्ल्यावर बसला. मातीची पोती, खत, कुंड्या ढकलगाडीवरून वर नेणं, खाली आणणं आक्काकडेच राहिलं. तिची कंबर पार कामातून गेली, तेव्हा कुठे घरात गाडी आली. पुढे दोघांची जागा, मागे उघडा हौदा, कच्च्या वाटेनेही माल घेऊन चढेल अशी.

गाडी शिकवायला मेकॅनिक आला, तेव्हा धाकटा फोनवर बोलत होता. आक्काने मात्र खोदून खोदून विचारलं. जड माल तळाशी ठेवायचा, दोराने आवळून बांधायचा, उतरताना गाडी लो गिअरमध्येच हवी, उतारावर आडवं वळायचं नाही आणि हौद्यात कुणालाही बसवायचं नाही. पहिली खेप तिने एकटीने खाली आणली, तेव्हा तिचं तिलाच हसू फुटलं. त्या संध्याकाळी ती कितीतरी वर्षांनी न कण्हता जमिनीवर बसली.

मग एका हॉटेलवाल्याला सिमेंटच्या उंच कुंड्या हव्या झाल्या. तो खाली फाटकाशी उभा होता. धाकट्याने वर येऊन कुंड्या गड्यांकरवी एकीवर एक रचून घेतल्या.

"एवढ्या नाही जायच्या रे," आक्का स्टिअरिंगवरून म्हणाली. "दोन खेपा करू."

"तो माणूस तिथे ताटकळतोय आणि तुला खेपा सुचतायत. उतर, मी नेतो."

"निदान बांधू तरी दे."

"बांधण्यात तास घालवू नकोस. मागे बस आणि धरून ठेव."

आक्का हौद्यात चढली. का चढली, ते तिचं तिलाही पुढे कधी सांगता आलं नाही. धाकट्याने लांबचं वळण टाळायला गाडी उतारावर आडवी घातली. एका बाजूची चाकं उचलली गेली, कुंड्या घसरल्या आणि आक्काचा उजवा हात हौद्याच्या कडेशी चिरडला. गाडी कलंडता कलंडता राहिली. धाकट्याला खरचटलंही नाही.

तिची तीन बोटं काढावी लागली. आई दवाखान्यात येऊन उशाशी बसली.

"कशाला गं गाडीला हात लावायला गेलीस?"

"मी? तो चालवत होता, आई. मी मागे होते."

आईने दाराकडे बघितलं. "मला का कळत नाही? पण तो सगळ्यांना तूच चालवत होतीस असं सांगून बसलाय. आता शब्द फिरवला तर चारचौघांत त्याची काय शोभा राहील? तू आपली गप्प राहा."

दुपारी भावजय डबा घेऊन आली. आक्काने तिलाही सांगितलं. ती चादर सारखी करत राहिली.

"ठाऊक आहे मला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. सगळं दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला त्याच घरात राहायचंय, आक्का. आणि तुम्ही तरी कधी त्यांना नाही म्हणालात?"

डबा तसाच राहिला.

घरी आल्यावर धाकटा तिच्या खोलीत आला. आवाज अगदी लोण्यासारखा. "आता तू आराम कर. गाडीला मी ड्रायव्हर बघतोय. काही लागलं तर हक्काने सांग."

"एवढंच सांग. माझं नाव का घेतलंस?"

तो जरासा चपापला, मग खुर्ची ओढून बसला. "अगं, तुला कोण काय बोलणार? बाईमाणूस, नवीन शिकत होती, म्हणतील आणि विसरून जातील. माझं तसं आहे का? मला धंदा करायचाय."

हे तो तिला समजावून सांगत होता, तेही मायेने.

आक्काने औषधाची बाटली घेतली आणि डाव्या हाताने झाकण फिरवू लागली. झाकण हलेना.

"आण इकडे," म्हणत त्याने हात पुढे केला.

तिने बाटली मांडीत घेतली, गुडघ्यांत घट्ट धरली आणि त्याच्याकडे न बघता झाकण फिरवत राहिली. त्याने हात मागे घेतला. मग त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला.