बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी

रेफ्लीने लवंगांचा घोस डाव्या मुठीत धरला, उजव्या तळव्यावर पिळला आणि कळ्या ताडपत्रीवर पाडल्या. देठ मागे फेकले. पुढचा घोस उचलला. समोर बसलेल्या नोल्डीचा एक होईपर्यंत याचे दोन होत होते.

"अरे हळू," नोल्डी म्हणाला. "लवंगा आहेत त्या, सासूची मान नाही."

ओसरी हसली. रेफ्लीही हसला, पण हात चालूच ठेवले. थांबवले की ते थरथरायचे, आणि आज सगळ्यांची नजर त्याच्यावर होती.

उद्या त्याच्या आणि मेइस्केच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा. ज्याच्या लेकराचा बाप्तिस्मा असेल त्याच्या बागेत आदल्या दिवशी वस्तीतले सगळे बाप राबणार, ही मनाडोच्या बाजूची जुनी रीत. सकाळी बांबूच्या शिड्यांवर चढून लवंगा उतरवायच्या आणि दुपारी वस्तीतल्या वडीलधाऱ्या योपीकाकांच्या ओसरीवर बसून देठ काढायचे. देठ काढता काढता एकेकाने बाप म्हणून आपली एक खरी गोष्ट सांगायची. बायकांनी तेवढा वेळ तिकडे फिरकायचं नाही. शेवटची पाळी नव्या बापाची. त्याचं सांगून झालं की योपीकाका प्रार्थना करणार, मग तळलेली केळी आणि मिरचीचा ठेचा.

बरेच जण काहीतरी हलकंफुलकं सांगून सुटायचे. मागच्या खेपेला एकाने, पोरगी गाडी शिकायला लागल्यापासून माझा देवावरचा विश्वास दुप्पट झाला, एवढंच सांगितलं होतं. तेही चालायचं. रेफ्लीनेही असंच एक घोकून आणलं होतं. लंगोट बदलताना पोराने तोंडावर मुतल्याची गोष्ट. सकाळपासून शिडीवर तो ती मनात म्हणत होता आणि दर वेळी ती अर्ध्यावर तुटत होती.

नोल्डीची पाळी आली. त्याला तीन मुली. तो वस्तीची गाडी चालवायचा आणि त्याच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. पण पाळी आल्यावर त्याने आधी समोरचे देठ एका बाजूला सारले. मग म्हणाला, तिघी झोपल्या की मी जाऊन त्यांच्या नाकाशी बोट धरतो, श्वास लागला की मगच मला झोप येते. बायको म्हणते याला वेड लागलंय. कुणी त्याची टर उडवली नाही. योपीकाका नुसते "हं" म्हणाले.

मग कुणीतरी आपल्या बापाच्या माराची गोष्ट काढली आणि ओसरी परत रंगात आली. एकाच्या बापाचा पट्टा, दुसऱ्याच्या बापाचं वल्हं. फिरत फिरत गोष्ट रेफ्लीच्या वडिलांवर, हेर्लिंगवर आलीच, ती नेहमीच यायची. हेर्लिंगने सहा वर्षांच्या रेफ्लीला लवंगेच्या झाडाला बांधलं होतं, लाल मुंग्यांच्या वाटेवर. पोराने किंकाळ्या कशा मारल्या त्याची नक्कल नोल्डीला छान जमायची.

"म्हणून तर खांबासारखा सरळ वाढलाय," कुणीतरी म्हणालं.

हेर्लिंग पलीकडे भिंतीला टेकून बसले होते. चर्चचे पंच, साठी उलटलेले, अजून गावात सगळ्यांच्या आधी शिडी चढणारे. ते गालात हसले. रेफ्लीही हसला. ही गोष्ट तो स्वतःच कितीदा हसत हसत सांगायचा. ती हसण्यावारी कधी गेली, हे मात्र त्याला आठवत नव्हतं.

हेर्लिंगची पाळी आली तेव्हा ते दर वेळी बोलायचे तेच बोलले. मारलं, पण उपाशी कधी ठेवलं नाही. माना हलल्या.

आता रेफ्ली.

त्याने लंगोटाची गोष्ट सुरू केली. पहिलं वाक्य नीट झालं. नोल्डी आधीच हसायला लागला होता. दुसऱ्या वाक्यावर गोष्ट पुन्हा तुटली. त्याने हातातला घोस खाली ठेवला, आणि हात सगळ्यांना दिसले.

"मी त्याला हलवलं," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही.

"मंगळवारी. मेइस्के बाजारात गेली होती. तो थांबेचना. मी त्याला खांद्यांना धरून हलवलं. झोका देतात तसं नाही." त्याने हात उचलून दाखवायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं. "तो एकदम गप्प झाला. मान बाजूला पडली. डोळे उघडे. मला वाटलं, संपलं. मग रडला."

ओसरीवर एकही हात हलत नव्हता. रेफ्लीला आता थांबता येईना. त्या दिवसापासून मी त्याला हात लावलेला नाही, तो म्हणाला. मेइस्केला सांगितलंय, हाताला लवंगेचं तेल आहे, बाळाची कातडी जळेल. रोज सांगतो. तिला वाटतं मी काळजी घेतोय. उद्या पाळकबाई विचारणार, या लेकराला प्रभूच्या भयात आणि प्रीतीत वाढवशील का, आणि सगळ्या मंडळीसमोर मी हो म्हणणार.

त्याने वडिलांकडे बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

योपीकाका ताडपत्रीवरून सरकत जवळ आले. त्यांनी ना खांद्यावर हात ठेवला, ना बायबलातलं वचन म्हटलं. दूध नीट पितो का, विचारलं. उलट्या? मान धरतो का? नेहमीपेक्षा जास्त झोपतो का? रेफ्लीने जमेल तशी उत्तरं दिली. काल दोनदा ओकला होता. बाळं ओकतातच, असं मेइस्केची आई म्हणाली होती.

"नोल्डी, गाडी काढ," योपीकाका म्हणाले. "आधी दवाखाना. प्रार्थना नंतर. आणि रेफ्ली, मेइस्केला तू स्वतः सांगायचंस. तिथं पोचायच्या आत."

नोल्डी चपला न घालताच पळाला. बाकीच्यांना कुठं बघावं ते कळेना. रेफ्ली उठून उभा राहिला. भिंतीपाशी हेर्लिंग परत देठ काढायला लागले होते. एक घोस, दुसरा घोस. मग खाली मान घालूनच ते बोलले.

"तुला तोंदानोला आजीकडे का ठेवलं होतं, माहितीय?"

"शाळा चांगली होती म्हणून."

"शाळा इथलीच बरी होती."

रेफ्लीने आता त्यांच्याकडे बघितलं.

"तुझ्या हातून माशाचं कालवण सांडलं. एवढंच झालं होतं. मी तुला उचलून भिंतीवर आपटायला निघालो. तुझी आई मधे आली." हेर्लिंगने हातातला देठ मोडला. "तिचा खांदा शिडीवरून पडून निखळला नव्हता. ते आम्ही लोकांना सांगितलं होतं."

योपीकाकांनी डोळे मिटले. त्या खांद्यासाठी याच वस्तीने आळीपाळीने हेर्लिंगच्या घरी पाणी भरलं होतं.

"दुसऱ्या दिवशी तुला गाडीत बसवलं. तू मागच्या काचेतून बघत होतास. तुला वाटलं असेल, बापाला नकोसा झालो."

रेफ्लीला तेच वाटलं होतं. दोन वर्षं आजीच्या घरी, आणि नंतरही.

"मला भीती वाटायची. तुझी नाही, माझी." हेर्लिंगचा आवाज प्रार्थनेत असतो तसाच जड आणि सपाट होता. "तेव्हाही आम्ही असेच बसायचो. रस्त्यासाठी प्रार्थना केली, पावसासाठी केली, लवंगांच्या भावासाठी केली. हे असलं बोलायचं कुणाला सुचलंच नाही. मला तर नाहीच."

बाहेर नोल्डीच्या गाडीचा भोंगा वाजला.

"तुझ्या पोराला मी अजून मांडीवर घेतलेलं नाही. बायको तुझी मनाला लावून घेते, मला दिसतं." आता त्यांनी मान वर केली. "रडायला लागला आणि हात शिवशिवले, की घराबाहेर पड. त्याला घेऊन इथं योपीकडे ये. वाटेत माझं घर लागतं. माझ्याकडे आणू नकोस."

रेफ्लीने मान हलवली. मग तो गाडीकडे निघाला.

मेइस्केला त्याने घराच्या पायरीवरच सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं. मग बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि गाडीत नोल्डीच्या शेजारी जाऊन बसली. रेफ्ली मागे बसला. वाटभर नोल्डी एक अक्षर बोलला नाही, आणि त्यानेच रेफ्लीला जास्त भीती वाटली. दवाखान्यात नर्सने बाळाच्या डोळ्यांत उजेड टाकला, टाळूवर बोटं फिरवली, मान हळूच वळवून बघितली. काय झालं होतं, तिने विचारलं. रेफ्लीने दुसऱ्यांदा सांगितलं, मेइस्केसमोर. नर्सने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. तिने फोनवर कुणाला तरी विचारलं आणि मग म्हणाली, आत्ता तरी धोक्याचं काही दिसत नाही, पण सोमवारी मनाडोच्या मोठ्या इस्पितळात न्यायलाच हवं. तोवर उलटी झाली, झटका आला, नाहीतर उठवून उठेना झाला, तर वेळ न बघता निघायचं.

परतताना मेइस्के एकच बोलली. उद्या बाप्तिस्मा नाही. मनाडोहून आल्यावर बघू.

दिवेलागणीला बाळ रडायला लागलं. मेइस्केने पाजलं, फिरवलं, गाणं म्हटलं. ते थांबेना. रेफ्ली स्वयंपाकघराच्या दारात हात पाठीमागे घेऊन उभा होता. रडण्याचा सूर चढत गेला. मंगळवारी असाच चढला होता. त्याच्या मानेला घाम फुटला.

"मी बाहेर जातो," तो म्हणाला.

"एकटाच?"

"बाबा म्हणाले, असं झालं की त्याला घेऊन योपीकाकांकडे जा." मेइस्के बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने बाळाला शालीत गुंडाळलं आणि पुढे केलं.

"घे. मान धर नीट. मी मागे आहे."

बाळ त्याला वाटलं होतं त्याहून हलकं निघालं आणि जास्त गरम. डोक्याखाली तळवा धरून तो उतारावरून चालायला लागला. मागून मेइस्केच्या चपला वाजत होत्या, ना जवळ, ना लांब. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताडपत्र्यांवर लवंगा पसरलेल्या होत्या आणि बायका त्या आत घेत होत्या. कुणी विचारलं, झोपत नाही का रे? रेफ्लीने नुसती मान हलवली. बाळ किंचाळत होतं, पाय झाडत होतं. तो प्रत्येक पाऊल बघून टाकत होता.

वळणावर हेर्लिंगचं घर. ते पायरीवर बसलेले होते, दिवा लावून. रडणं ऐकून त्यांनी मान वळवली. रेफ्ली दिसला, त्याच्या हातातली शाल दिसली. त्यांचे दोन्ही हात मांडीवरून जरासे उचलले गेले.

मग ते उठले, घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

कडी लागल्याचा आवाज आला. त्यानंतर आत जाणाऱ्या पावलांचा आवाज काही आला नाही. रेफ्ली थांबला. मागे मेइस्केच्या चपलाही थांबल्या. बाळ रडत होतं. दाराच्या फटीतून दिव्याचा उजेड येत होता आणि त्यात मधोमध काळी सावली होती, हलत नव्हती.

रेफ्ली दोन पावलं दाराजवळ सरकला आणि बाळाला घेऊन जरा वेळ तिथंच उभा राहिला, रडणं आत नीट ऐकू जाईल इतक्या अंतरावर. मग तो पुढे योपीकाकांच्या घराकडे चालू लागला.