चिंतूने चेंडू दिला नाही

बोईसरच्या त्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा संघ निघाला, तेव्हा लोक हसून हसून बेजार झाले. ज्या मैदानावर अनवाणी पाऊल टाकलं की खडी टोचते, तिथे ही पोरं लोखंडी जाळीची टोपडी घालून एकमेकांवर आदळणार! हेल्मेटं कुठल्याशा शहरातल्या संघाने टाकून दिलेली, आतला स्पंज उंदरांनी खाल्लेला. चेंडू लांबुळका. बाजारातल्या मासळीवाल्या विचारायच्या, नारळ घेऊन कुठल्या देवाला चाललात रे?

पण पोरं जिंकायला लागली आणि हसणाऱ्यांची तोंडं गप्प झाली. वाड्याला जिंकली, जव्हारला जिंकली. मग नाक्यावर फ्लेक्स लागला. त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो सगळ्यात मोठा, त्याखाली प्रशिक्षक चुरी सरांचा, आणि पोरं तळाशी, तिकिटाएवढी. आपल्याकडे जिंकतो एक आणि हार घालून घेतो दुसरा, त्यात नवल ते काय!

चिंतू सालवडजवळच्या पाड्यावरचा. अंगाने ठेंगणा, खांद्याने रुंद, बोलायला कंजूष. संघात तो सेंटर. म्हणजे रांगेच्या मधोमध वाकायचं आणि जमिनीवरचा चेंडू दोन पायांतून मागच्याला द्यायचा. त्याने दिला तरच डाव सुरू होतो, आणि दिल्यावर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मागे उभा असायचा अनुज, मुरब्याच्या मच्छीमाराचा मुलगा. तो चेंडू असा लांब फेकायचा की प्रेक्षक आपोआप उभे राहायचे. टाळ्या सगळ्या अनुजला. चिंतूला त्याचं काही वाटत नसे. अनुज त्याचा जिवलग होता. डबा एक, वर्गातला बाक एक, आणि भांडणही एकच, कर्दीची, म्हणजे सुक्या बारक्या कोळंबीची चटणी कुणी जास्त खाल्ली याचं.

डहाणूच्या उपांत्य सामन्यात दोन दांडगे गडी अनुजवर एकदम आदळले. डोकं जमिनीवर आपटल्याचा आवाज चिंतूने पाठमोरा असूनही ऐकला. अनुज पडून राहिला, मग उठला आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. सगळे हसले. चुरी सरही हसले. त्यांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, ग्लुकोज पाजलं आणि परत खेळायला पाठवलं. सामना जिंकला.

चिंतू मात्र हसला नाही. असल्या पाण्याचा परिणाम त्याने घरी पाहिला होता. त्याचा बाप रामा तारापूरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. एका पाळीला रसायनाची वाफ अंगावर आली, छातीत गेली. सुपरवायझरने त्याला गुळाचा खडा दिला, तोंड धू म्हणाला आणि उद्या ये म्हणाला. बाप मूग गिळून दुसऱ्या दिवशी गेला. आता तो अंगणातून विहिरीपर्यंत गेला तरी मध्ये बसतो. ज्यांनी गूळ दिला, त्यांना त्याचं नावही आठवत नसेल.

पुढच्या आठवड्यात अनुजचं काही तरी बिनसलं ते बिनसलंच. उजेडाला डोळे मिटायचा. तोच विनोद तो सकाळी सांगायचा आणि दुपारीही, तितक्याच उत्साहात. चिंतूला त्याने एकदा संघातल्या हितेशच्या नावाने हाक मारली. त्याची आई पुष्पलता बोईसरच्या बाजारात मासळी विकते. ती हसत हसत सांगत होती, पोरगा जेवून उठला आणि घटकाभराने पुन्हा पानावर बसला, मी जेवलोच नाही म्हणाला. तिने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या होत्या. एवढा नावाजलेला पोरगा, नजर लागणारच.

चिंतूने तिला सांगितलं की ही नजर नाही, डोक्याचा मार आहे, डॉक्टरला दाखव. ती बिचारी घाबरून थेट चुरी सरांकडे गेली. सर म्हणाले, थकलाय, विश्रांती आणि ग्लुकोज द्या. सर शिकलेले, तिने विश्वास ठेवला. मग चिंतू स्वतः गेला. सरांनी दार लोटून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. डॉक्टर महिनाभर बसवून ठेवेल. अंतिम सामन्याला अध्यक्ष येणार आहेत. सर इतकी वर्षं तासिकांच्या मोलावर राबत होते, करंडक आला की त्यांना नोकरीत कायम करायचा शब्द मिळाला होता. त्यांच्याही घरात खाणारी तोंडं होतीच. चिंतूला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला. ज्याला स्वतःला कंत्राटावर पिळलं, त्याने दुसऱ्याचं पोर चरकात घालायचं, हा कुठला न्याय?

अनुजही ऐकेना. अंतिम सामना तोंडाशी आलेला, त्यात अध्यक्षांसमोर नाव पुकारलं जाणार. तुला माझं बघवत नाही, असंही तो एकदा बोलून गेला. चिंतूने तेही गिळलं.

सामना कोळगावच्या मैदानावर होता. मांडव, खुर्च्या, नारळपाणी, सगळा थाट. पुष्पलता बाजार बंद ठेवून नवं लुगडं नेसून आली होती. पहिला डाव आपला. पोरं डोकी जोडून उभी राहिली आणि अनुजने चाल सांगितली. ती डहाणूची चाल होती, त्या सामन्यानंतर सोडून दिलेली. पोरं एकमेकांकडे बघू लागली. चिंतूने त्याला विचारलं, आपण कुठे आहोत? अनुज चिडून म्हणाला, डहाणूला, आणखी कुठे.

चिंतू धावत कडेला गेला. सरांनी ऐकून घेतलं, एकदा मांडवाकडे बघितलं आणि दात ओठ खात म्हणाले, "तुझं काम चेंडू द्यायचं. तेवढं कर."

चिंतूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो परत आला, वाकला, चेंडूवर हात ठेवला आणि तसाच थांबला. मागून अनुज ओरडला. चिंतू हलला नाही. चेंडू द्यायची वेळ संपली, पंचाने शिट्टी वाजवली आणि दंड म्हणून संघाला पाच यार्ड मागे नेलं. पुन्हा वाकला, पुन्हा तसाच. पुन्हा शिट्टी, पुन्हा मागे. प्रेक्षक आधी हसले, मग शिव्या घालू लागले. बदली सेंटर हितेश होता, पण त्याचा हात प्लास्टरमध्ये. चुरी सर तरातरा मैदानात घुसले आणि त्यांनी चिंतूचं बखोट धरलं. तेव्हा तो सरळ चेंडूवर पालथा पडला. घोरपडीसारखा चिकटला. सर ओढताहेत, जर्सी फाटतेय, मांडवातले अध्यक्ष उभे राहिलेत आणि हा आपला जमिनीला धरून.

पंच आला तेव्हा चिंतूने मातीतूनच मान वर केली. "त्याला इचारा," तो म्हणाला, "आज वार कंचा हाय. आनि समोर कोन खेलतंय."

पंचाने विचारलं. अनुजने तोंड उघडलं आणि तो समोरच्यांच्या जर्सीचा रंग बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग आईला शोधल्यासारखा इकडे तिकडे बघू लागला. तेव्हा कुठे मैदान शांत झालं. पंचाने त्याला बाहेर काढलं आणि सरांना नाही नाही ते सुनावलं. चिंतूने उठून चेंडू पंचाच्या हातात दिला. दुसऱ्याच कुणाला मध्ये वाकवून पोरं उरलेला सामना कशीबशी खेळली आणि सपाटून हरली.

ते बघायला चिंतू तिथे नव्हता. तो अनुजला आणि पुष्पलतेला घेऊन रिक्षाने पालघरच्या दवाखान्यात निघाला होता. निघताना सर म्हणाले, तू माझं घर बुडवलंस. चिंतूने अनुजला धरून रिक्षात बसवलं.

वाटेत अनुज शुद्धीवर आल्यासारखा सावरून बसला आणि त्याने विचारलं, "जितलो काय रे?"

"हरलो असू. मी तुला चेंडू नाय दिला."

अनुजने फाडकन त्याच्या थोबाडीत दिली. आईसमोर देऊ नये ती शिवी दिली. माझं वाटोळं केलंस, तू आधीपासून जळत होतास, म्हणाला. मग कपाळ गच्च धरून वाकला. रिक्षा थोडी पुढे गेली. त्याने मान वर केली, चिंतूच्या लाल गालाकडे नवलाने बघितलं आणि मायेने विचारलं, "तुला कोनी मारला रे? आपन जितलो ना?"

चिंतूने पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा थप्पड बसली, पुन्हा तीच शिवी, तितक्याच ताज्या रागाने.

पुष्पलतेने पदर तोंडात कोंबला. सगळं तिच्या आता ध्यानात आलं होतं. अनुज तिसऱ्यांदा सावरून बसला तसा तिने चिंतूचा हात धरला आणि पुटपुटली, "जितलो म्हन ना, बाबा. कशाला मार खातंस?"

"नाय मावशी," चिंतू म्हणाला. "त्याच्याशी सगलेच खोटा बोललेत."

तो अनुजकडे वळला. हरलो, म्हणाला, मीच चेंडू दिला नाही. आणि त्याने गाल मागे घेतला नाही.