तुझी चार, माझी पाच

"शत्रू सात घरांच्या आत आला, की तिरंदाजाचा नेम निम्मा," कंपाउंडरने वहीतून वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि तलवार घेऊन धावणाऱ्याला पहिला घाव फुकट. बोल मोजणीदार, तिरंदाज तू आहेस. ओरड."

"चालेल," मी म्हणालो.

"चालेल? अकरा वर्षं एकेका बाणासाठी माझं डोकं खाल्लंस, आणि आज नुसतं चालेल?"

"राहू दे ना त्यांना," सिस्टर म्हणाली.

वेल्डरला जाऊन महिना झाला होता. हा नियम त्याच्या आठवणीसाठी होता. त्याची खुर्ची सोडून आम्ही तिघं एका बाजूला दाटीवाटीने बसलो होतो.

दर रविवारी दुपारी आम्ही कंपाउंडरच्या मागच्या खोलीत जमायचो. चौकटींचा मोठा कागद टेबलावर अंथरायचा, प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कंपाउंडरने गोष्ट सांगत शत्रू चालवायचे, आणि मारामारी आली की फाशांनी निकाल लावायचा. पन्नाशी उलटलेल्या माणसांचा हा उद्योग बघून कंपाउंडरची बायको म्हणायची, पोरं परवडली, ती निदान मोठी तरी होतात. सिस्टरला आम्ही वैद्य हो म्हटलं, तर ती म्हणाली, आठवडाभर वॉर्डात तेच करते, मला चोर व्हायचंय. मी तिरंदाज. कागदावर माझी खूण म्हणजे सदऱ्याचं बटण. वेल्डर तलवारबाज, त्याची खूण पितळी नट.

भांडण कायम एकच. लांबून लढणारा आणि भिडून लढणारा यांचं पारडं सारखं कसं करायचं?

"हा साहेब झाडामागून बाण सोडणार," वेल्डर म्हणायचा, "आणि मार खायला मी."

"मग घे की धनुष्य. कुणी अडवलंय?"

"लांब उभं राहून सांधा जुळत नाही रे बाबा. मला नाही जमायचं."

कंपाउंडर औषधाचा डोस ठरवावा तसे नियम कमीजास्त करायचा. बाणाचा मार थोडा उतरवायचा, तलवारीचा चढवायचा. तरी माझ्या तिरंदाजाच्या अंगावर अकरा वर्षांत ओरखडा उठला नव्हता, आणि मला त्याची घमेंड होती. खोटं कशाला बोलू.

सहा महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी गुहेतल्या दैत्याशी गाठ पडली. हा दैत्य जो सर्वांत जवळ असेल त्याच्यावर झडप घालायचा. वेल्डरचा तलवारबाज पार घायकुतीला आला होता. आणखी एक तडाखा बसला की संपलाच. माझा तिरंदाज धडधाकट होता, एक तडाखा खाऊन सहज उभा राहिला असता. म्हणून वेल्डर मुद्दाम मागे सरला. दैत्यापासून करंगळीने एकेक घर मोजत तो म्हणाला, "तुझी चार, माझी पाच. आज तुझी इस्त्री मोडणार, साहेब."

तेवढ्यात चहाची वेळ झाली. कंपाउंडर आत गेला, सिस्टर फोन घेऊन गॅलरीत गेली, वेल्डर हात धुवायला गेला. टेबलापाशी मी एकटा होतो. मी बोटाने बटण दोन घरं मागे ढकललं.

माझ्या धंद्यात हद्दीचा दगड सरकवण्यासारखं दुसरं पाप नाही. तीस वर्षं जमिनी मोजतोय. लोकांनी हातापाया पडून पाहिलं, शिव्या घातल्या, एकाने अंगावर कुत्रं सोडलं. दगड बोटभर हलवला नाही. आणि सदऱ्याच्या बटणापायी माझी नियत फिरली.

कंपाउंडरने परत येऊन मोजलं. "बटण सहा, नट पाच. दैत्य तलवारबाजावर."

"असं कसं? मी मोजली होती," वेल्डर म्हणाला. त्याने पुन्हा करंगळी टेकवली. मग डोळे चोळले आणि माझ्याकडे वळला. "मोजणीदार, तू मोज रे. तुझी मोजणी पक्की."

मी वाकलो, नीट मोजल्यासारखं केलं. "सहा," म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण वर हसून म्हणालो, "चष्मा घे आता. म्हातारा झालास."

फासा पडला आणि अकरा वर्षांचा तलवारबाज मेला. वेल्डरने नट उचलून खिशात टाकला. पुढच्या रविवारी तो आला नाही, नंतरही आला नाही. नियम अन्यायाचे म्हणून रागावलाय, असं कंपाउंडरने ठरवलं आणि वही घेऊन नियम दुरुस्त करायला बसला. मी वेल्डरच्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा गेलो आणि दोनदा परत फिरलो. पाचव्या महिन्यात तो सकाळी उठलाच नाही. हृदय बंद पडलं, म्हणाले.

तेव्हापासून तो मला सोडत नाही. भर उन्हात दुर्बिणीला डोळा लावतो, आणि लांब काठी धरून उभा असलेला माणूस वेल्डर होतो. आकडा सांगतो माझा मदतनीस, कानात येतो त्याचा आवाज: तुझी चार, माझी पाच. मी एकेक जमीन तीन-तीनदा मोजतो. हाताखालची माणसं म्हणतात, साहेबांना बाधा झालीय. थट्टा करतात बिचारी.

दारावर टकटक झाली. वेल्डरची बायको, आमच्या वहिनी होत्या, हातात त्याच्या फाशांची पिशवी. "घरी ठेवून काय करू? म्हटलं तुमच्या उपयोगी पडतील."

सिस्टरने त्यांना बसवलं. वहिनी नेमक्या त्याच खुर्चीवर बसल्या. कंपाउंडरने मोठ्या मायेने वही पुढे केली. "हा त्याच्यासाठी केलेला नियम, वहिनी. बरोबर होता तो. आमच्या खेळात भिडणाऱ्यावर अन्यायच होत होता."

"नियमाचं काही बोलले नाहीत हे कधी," वहिनी म्हणाल्या. "डोळ्यांचं बोलायचे."

"डोळ्यांचं?"

"इथून शेवटचे आले ना, त्या दिवसापासून. म्हणाले, समोरची सहा घरं मला चार दिसली, उद्या कुणाच्या गेटचा जोड कच्चा राहिला आणि गेट पोरावर पडलं तर? दुकानच बंद केलं. वखारीच्या फाटकावर राखणीला बसायला लागले. काम सुटलं आणि माणूस आतून विझला, भाऊजी." त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. "नक्की काय झालं होतं हो त्या दिवशी?"

कंपाउंडरने कागदावर सगळं मांडून दाखवलं. बाटलीचं बूच म्हणजे दैत्य. नटाच्या जागी वाटाणा ठेवला, पाचव्या घरात. बटण सहाव्यात. वहिनींनी हळूच करंगळी टेकवून घरं मोजली. अगदी त्याच्यासारखी.

"सहा आहेत खरी," त्या म्हणाल्या. "म्हणजे डोळेच."

मी हात पुढे केला. बटण उचललं आणि चौथ्या घरात ठेवलं.

"इथे होतं," मी म्हणालो. "तुम्ही सगळे उठलात तेव्हा मी मागे सरकवलं. त्याची मोजणी बरोबर होती. डोळे ठीक होते त्याचे."

कंपाउंडरने वही मिटली. "अरे, पण तुझा तिरंदाज मरणार नव्हता," तो म्हणाला. "एक तडाखा बसला असता फक्त."

"माहीत आहे."

सिस्टर दुसरीकडे बघत होती. वहिनी रागावतील, रडतील, मला बोलतील, म्हणून मी अंग आवरून बसलो. त्या बटणाकडे बघत राहिल्या.

"डोळ्यांच्या डॉक्टरनेही हेच सांगितलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी दोनदा नेलं. डोळे ठणठणीत आहेत म्हणाला. ह्यांना पटेना. मोजणीदाराने मोजलंय, म्हणायचे. तो चुकायचा नाही."

मला मान वर करता येईना.

"चला," वहिनी उठल्या. "माझ्याबरोबर घरी चला. मुलीला सांगा. पाच महिने बापाशी भांडली ती, काम का सोडलं म्हणून. मी सांगून खरं वाटायचं नाही तिला."

मी चपला घातल्या. गल्लीच्या तोंडाशी माझे पाय अडखळले, पण वहिनी मागे न बघता चालत होत्या. दार मुलीने उघडलं. तिच्या हाताला पीठ लागलं होतं.

"काका!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "बाबा रोज तुमची वाट बघायचे. या ना, आत या."

तिने ओढणीने खुर्ची पुसून पुढे केली. मी उंबऱ्यातच उभा होतो.