केक आणलाच होता, म्हणून

ग्रिम्स्बीत, म्हणजे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या मासेमारीच्या गावात, बँड बुडायला फार मोठं कारण लागत नाही. दारू, भांडण, कुणाची तरी बायको, काहीही पुरतं. आमचा बँड एका केकमुळे बुडाला. हे मी लाजून सांगत नाही, चिडून सांगते.

बँडचं नाव होतं द लॉस्ट ग्लव्ह्ज. रस्त्यात पडलेला एकटा हातमोजा कुणीतरी उचलून कुंपणाच्या टोकावर अडकवून ठेवतं ना, तसला. नाव डॉमिनिकने काढलं. डॉमिनिक आमचा गाणारा. बाप दातांचा डॉक्टर, घरामागे टेनिसचं मैदान, आणि माईकसमोर उभा राहिला की असा बोलायचा जणू उभा जन्म गोदीत मासे उतरवण्यात गेलाय. माझा बाप खरोखरच गोदीत होता. डॉमिनिकचं पहिलं गाणं ऐकून त्याने मला विचारलं, हा पोरगा कुठल्या देशाचा गं?

स्टुअर्ट गिटारवर; त्याचा चेहरा मी पहिले सहा महिने केसांमुळे पाहिलाच नव्हता. गॅरेथ ड्रमवर, गाडीही त्याचीच, म्हणजे त्याच्या काकाची पावाची व्हॅन, त्यामुळे आमची वाद्यं कायम पिठाने पांढरी. आणि मी, लिअॅन, बासवर, म्हणजे खर्जाच्या गिटारवर. बास वाजत असते तोवर कुणाचं लक्ष नसतं, थांबली की सगळे वळून बघतात.

दिवसा मी मासळीच्या कारखान्यात होते. फिश फिंगर, म्हणजे माशाच्या तळायच्या कांड्या, सरकत्या पट्ट्यावरून जातात, त्यातले मोडके उचलायचे. बोटं दुपारपर्यंत लाकडाची होतात. दुसरं सांगण्यासारखं त्या कामात काही नाही.

मग लंडनच्या, गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीने आम्हाला उचललं. ते दिवसच तसे होते. घट्ट पँटी घातलेली चार चिडकी पोरं लंडनच्या उत्तरेला कुठेही दिसली की कंपन्या मुकाट करार पुढे करायच्या. कंपनीचा माणूस म्हणजे पियर्स. तो आमच्या गावाला ‘खरं’ म्हणायचा. वास खरा, पाऊस खरा, आमचा राग खरा. माझा राग खराच होता, पण त्यातला बराचसा पियर्सवर होता.

मी नोकरी सोडली आणि पट्ट्यावरच्या बायकांनी मला रीतसर निरोप दिला. गिटारच्या आकाराचा केक. त्यावर सहा तारा काढलेल्या, माझ्या बासला चार, पण मी बोलले नाही. मोठं कार्ड, त्यावर ज्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं अशांच्यासुद्धा सह्या. आणि पितळी घड्याळ, शेकोटीच्या फळीवर ठेवतात तसलं, चाळीस वर्षं राबून निवृत्त होणाऱ्याला देतात ते. माझं वय बावीस. आमची मुकादम मार्लीन, जिला हसताना पाहिल्याचं कुणी शपथेवर सांगणार नाही, तिने माझा गाल ओढला आणि म्हणाली, “जा पोरी. आणि पुन्हा इथे दिसू नकोस.”

खलास. आमच्याकडे एकदा निरोप घेतला की परत तोंड दाखवायची सोय नाही. दारात एकमेकांना चांगलं अच्छा केलं आणि मग कळलं की दोघांचा रस्ता एकच, तर माणूस नको असलेल्या दुकानात शिरतो, नको असलेली पोस्टाची तिकिटं घेतो, पण त्याच माणसाशेजारून चालत नाही. आता केक खाल्लेला, घड्याळ घरात टिकटिकतंय. बँड चालला पाहिजे, नाहीतर मला त्या पट्ट्यावर, त्याच बायकांसमोर उभं राहावं लागणार. बाकी तिघांना हा घोर नव्हता. डॉमिनिकसाठी तर विद्यापीठातली जागा तशीच धरून ठेवलेली.

आमची तबकडी निघाली आणि कुणी घेतली नाही. एका मासिकाने आम्हाला ‘आश्वासक’ म्हटलं. म्हणजे अजून काही जमलेलं नाही, हे ज्याला कळतं त्याला कळतं. पियर्सने आम्हाला काढून टाकलं नाही, तेवढी त्याच्यात हिंमत नव्हती. सगळं फारच छान आहे, उन्हाळा सरला की एकदा निवांत बोलू, असं तो फोनवर म्हणत राहिला. उन्हाळा सरला. मग नाताळ झाला की बोलू.

तेव्हा डॉमिनिकने व्हॅनमध्ये ठराव मांडला की त्यांनी हाकलण्याआधी आपणच संपवू. मान राखून. गावातच शेवटचा कार्यक्रम करू.

“मान तुझा राहील,” मी म्हटलं. “मला फिश फिंगर उचलायला जावं लागेल त्याचं काय?”

“त्यातही एक प्रकारचा मान आहे, लिअॅन,” डॉमिनिक म्हणाला.

गॅरेथने ब्रेक दाबला म्हणून तो वाचला. पण मत घेतलं तेव्हा गॅरेथही त्याच्याच बाजूने गेला. स्टुअर्टने केस हलवले, ते होकारार्थी धरलं.

गोदी कामगारांच्या क्लबाने हॉल दिला, पण रविवारी दुपारी, कारण संध्याकाळी बिंगो, आकड्यांचा खेळ, आणि बिंगो देवासाठीही हलत नाही. आणि काय सांगू, हॉल भरला. जिवंत असताना आमच्याकडे वीसपंचवीस डोकी यायची, मरताना अख्खं गाव आलं. लोक खिडकीत बसले. आमची गाणी सगळ्यांना पाठ होती. इतके दिवस ही माणसं कुठे लपली होती देव जाणे. दुसऱ्या कडव्याला माझ्या बापाच्या डोळ्यांत पाणी. तो म्हणाला, धूर गेला. धूर नव्हता.

कार्यक्रम संपताच पियर्स मागच्या खोलीत आला, घामाने निथळत.

“अरे वेड्यांनो, हे असं असताना बंद कसलं करताय?” तो म्हणाला. “दुसरी तबकडी करू. उद्या सकाळी मी वरच्यांशी बोलतो. फक्त जात नाही आहोत एवढं बाहेर सांगून टाका.”

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉमिनिकच्या तोंडून त्याचा खरा आवाज बाहेर पडला, दातांच्या डॉक्टरच्या मुलाचा. चालेल, म्हणाला. गॅरेथ नाचला. स्टुअर्टने केस मागे सारले. डोळे निळे निघाले. बाहेर सांगायचं काम माझं, कारण बँड मला सगळ्यांत जास्त हवा होता.

मी दार उघडलं.

दारात मार्लीन. मागे पट्ट्यावरच्या सगळ्या बायका, त्यांच्यामागे निम्मं गाव, आणि मार्लीनच्या हातात केक. हातमोज्याच्या आकाराचा. पाचही बोटं, मनगटाला साखरेची लोकर. वर कार्ड. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. डॉमिनिकची आई रडत होती.

वाक्य जिभेवर होतं. अगं मार्लीन, आम्ही जात नाही आहोत. एवढंच. लहान पोरही म्हणेल. माझ्या तोंडून निघालं, “अगं बाई, किती सुंदर. कशाला एवढा त्रास घेतलात?”

मी मागे पाहिलं. आता डॉमिनिक बोलेल, नाहीतर पियर्स. डॉमिनिक आईला रुमाल देत होता. गॅरेथ अंगठा कापत होता, म्हणजे केकचा. पियर्सने करंगळी घेतली आणि फारच छान, फारच छान म्हणत निघून गेला. आम्ही कार्ड वाचलं, सगळ्यांना मिठ्या मारल्या, आणि बिंगोवाले खुर्च्या लावायला लागले तसे उठलो. बँड संपला.

पियर्सला दुसऱ्या दिवशी फोन करता आला असता. पण आम्ही गावभर निरोप घेतलेला. कुठल्या तोंडाने करायचा?

पैसे संपेपर्यंत मी घरी बसले. मग एका सोमवारी पट्ट्यावर परत गेले. आत शिरले तर माझा अंगरखा जुन्याच खुंटीवर, धुऊन टांगलेला. बायकांनी सरकून मला जागा करून दिली. चहाच्या सुट्टीत मात्र माझ्याने राहवलं नाही. मी मार्लीनला सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी बँड वाचला होता, पियर्स हो म्हणाला होता, दार उघडेपर्यंत आम्ही जाणार नव्हतो.

मार्लीनने कप खाली ठेवला.

“मग बोलली का नाहीस, मूर्ख पोरी?”

“तुम्ही केक आणला होतात.”

तिने टेबलाभोवतीच्या बायकांकडे पाहिलं. मला वाटलं आता शिव्या बसणार, आणि बसायलाच हव्या होत्या.

“हो,” मार्लीन शेवटी म्हणाली. “केक आणलाच होता म्हटल्यावर काय करणार.”

सगळ्यांनी माना हलवल्या. एकजणही म्हणाली नाही की हा शुद्ध गाढवपणा आहे. मग मार्लीनने रिकामा कप माझ्याकडे सरकवला. मी गेल्यापासून चहा करायची माझी पाळी राहून गेलेली होती, आणि ती कुणी विसरलं नव्हतं.