फोटोपुरतं कुंकू

भिलाईजवळच्या बोरसीतल्या घरासमोर मांडव पडला होता आणि घरात नवरीच्या आईलाच धड बसायला जागा नव्हती. वसुंधरा सकाळी रायपूरहून शूटिंग आटोपून तशीच आली, पदर खोचला आणि लेकीची, मृणालची, हळद कालवायला बसली. रेल्वेत गार्ड असलेला नवरा गेला, तेव्हापासून पोरीला तिनं एकटीनं वाढवलं. भिलाईच्या मंडळाची नाटकं सोडून मालिकेत शिरली तीही पोरीसाठीच. तिथं ती ठकुराइन, भरल्या कपाळाची थोरली सासू. बाजारात बाया तिच्या पाया पडत. नातेवाईक ‘नाटकवाली’ म्हणून नाकं मुरडत आणि टीव्ही लागला की पहिली जागा धरत.

आज तिला एवढंच हवं होतं, लेकीच्या गालाला आपल्या हातानं हळद लावायची. पण थोरल्या जाऊबाईंनी, अन्नपूर्णानं, वाटी काढून घेतली.

“कालवली तेवढं बस झालं. लावाले सवाष्णी हायेत. पोरीच्या जल्माचा सवाल हाय, वसुंधरा.”

तेवढ्यात नागपूरची मंडळी आली. विहीण सीमाबाई पाटाजवळ येऊन म्हणाल्या, “पहिली हळद ठकुराइनच लावन जी! सीरियलमंदी लावते तशीच, कुंकू-मंगळसूत्र घालून. आमच्या बाया फोटोसाठी नटून राहिल्या सकाळपासून.”

अन्नपूर्णाची कळी खुलली. “तुह्या पिशवीत असनच न ते शूटिंगचं मंगळसूत्र? घाल. फोटोपुरतं.”

घ्या! मघाशी जो हात पोरीचं वाटोळं करणार होता, तोच खोटे मणी गळ्यात पडले की शुभ!

“अन् अशीच लावली तं?” वसुंधरानं विचारलं.

सीमाबाई निऱ्या नीट करू लागल्या. वसुंधरानं लेकीकडे पाहिलं.

“मम्मी, पहन ले ना,” मृणाल खाली मान घालून पुटपुटली. “पाच मिनिटं फक्त. कावून तमाशा करून राहिली?”

मंगळसूत्र घातलं की लेकीचा गाल हाताला लागणार होता. तिनं पिशवीत हात घातलाही. मग रिकामाच बाहेर काढला.

“कॅमेऱ्यापुढं मी दुसऱ्याची बायको होते, ते माहं काम हाय. पण तुह्या बाबाच्या घरात मी तुह्या बाबाले खोटं नाई पाडणार, मृणाल. ते गेले. मी त्याइची विधवा हाव अन् तुही माय हाव. अशी चालत असन, तं बोलाव मले.”

मृणालनं बोलावलं नाही.

वसुंधरा स्वयंपाकघरात गेली. मांडवात पदवीधर होते, मास्तर होते, व्यासपीठावर स्त्रीच्या सन्मानावर बोलणारेही होते. ‘वहिनी, या’ म्हणायला एकाचीही जीभ रेटली नाही. आपण तिथं असतो तर आपली रेटली असती का?

सवाष्णींनी गाणं धरलं आणि मृणालला एकाएकी हुंदका फुटला. गालावरची हळद ओघळली. अन्नपूर्णानं ती पदरानं टिपली आणि नवी लावली.

“माहेर सुटते न,” ती कौतुकानं म्हणाली, “रडतेच पोरगी.”