खिडकीतला चेहरा

उभा जन्म मी मांडवीत फोटो स्टुडिओ चालवला. रात्रभर प्रवास करून आलेल्या नवरदेवालाही टवटवीत करून सोडलंय, तिथे स्वतःचं थोबाड सावरणं काय अवघड? माझा मुलगा नितेश बोटीवर आहे. संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला की मी समुद्राकडच्या खिडकीत बसतो आणि पांढरा थर्माकोल मांडीवर धरतो. उजेड खालून परततो, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली जातात, गालफडं भरल्यासारखी दिसतात. टायफॉइडनं मी निम्मा झालोय, हे त्याला अजून कळलेलं नाही.

"भाऊ, पोराला काय ता खरा सांगा," असं पेज घेऊन येणारी शेजारची हौसा रोज कानीकपाळी ओरडते. मी म्हणतो, भर समुद्रात तो काय करणार? उगाच जिवाला घोर.

पण आजची गोष्ट वेगळी होती. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. गणपतीला घरी यायचं की मुदत वाढवून घ्यायची, ते तो आज ठरवणार होता. त्याची आई गेल्यापासून घरात मी एकटा. परवा तर टीव्हीवरच्या निवेदिकेला उत्तर दिलं. मला तो हवा होता. 'ये' म्हणायला मात्र जीभ रेटेना. सगळा जन्म तोऱ्यात गेला. म्हटलं, तोंडानं नाही तर चेहऱ्यानं सांगू. थर्माकोल कपाटामागे टाकला, खिडकी लावली आणि बरोब्बर ट्यूबलाइटखाली बसलो. डोक्यावरचा उजेड फार दुष्ट. डोळ्यांच्या खोबण्या होतात, हाडं वर येतात. एकाही गिऱ्हाइकाला मी असं बसवलं नव्हतं.

कॉल आला. नितेश स्क्रीनजवळ वाकून बघत राहिला. 

"बाबा, अंधारात काय बसलाय? तोंडावर नुसती सावली, काय दिसत नाय. खिडकीत बसा बघू."

"इथंच बरं आहे रे."

"अहो, उजेडात या. मला नीट बघू तरी द्या."

पोरानं बघायचं म्हटल्यावर उठलो. खिडकी उघडली. बाहेर पावसाळी आभाळ, म्हणजे मऊ, पसरलेला उजेड. असा उजेड कुणालाच वाईट दाखवत नाही.

"हां! आता कसे ठणठणीत दिसताय," तो हसला. "मघाशी मला भीतीच वाटली. मग मी चार महिने वाढवून घेतो हां, बाबा. गणपतीची मूर्ती आणायला शेजारचे बाबल्याकाका आहेतच."

सवयीनं माझी हनुवटी जराशी वर झाली. मानेच्या सुरकुत्या जातात तशानं.

"घे की," मी म्हणालो. "मला काय धाड भरलीय?"